पानाला पन्नास रुपये

गेल्या मंगळवारी दुपारी अर्ध्या तासाच्या अंतराने मला दोन मेसेज आले. पहिला सांगलीहून. जुन्या फोटोच्या मागची बाजू, त्यावर फिकट शाईत मोडी या जुन्या लिपीतली एकच ओळ. खाली लिहिलेलं, "दादा, नमस्कार. आजोबांच्या फोटोमागे काहीतरी लिहिलंय. वाचून द्याल का? किती पैसे होतील ते आधी सांगा." दुसरा कुठून आला ते कळलं नाही, कारण त्यात ना नाव होतं ना गाव. एका जुन्या मोडी कागदाचे तेवीस फोटो, आणि शेवटी, "अर्जंट पाहिजे. उद्या वकिलांकडे जायचंय."

पहिलं काम दोन मिनिटांचं होतं. 'चि. गोविंदाचे मुंजीचे दिवशी, वैशाख शके १८५१.' म्हणजे १९२९ साल. पैशाचा प्रश्नच नव्हता. दुसरं काम सहज तीन आठवडे खाणारं, आणि तिथे पैशाचा 'प'सुद्धा नव्हता. पैसे कुणी विचारायचे आणि कुणी विचारायचे नाहीत, हे इतकं उलटं का होतं, याचा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

माझं वाईत मेडिकलचं दुकान आहे. दुपारी एक ते चार गिऱ्हाईक तुरळक असतं, त्या वेळेत मी मोडी वाचतो. दोन व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक कागदांचे फोटो टाकतात, आम्ही सात-आठ जण वाचून देतो. आधी मात्र मी विचारणाऱ्यांतला होतो, आणि वाईट विचारणारा होतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

२०१६ साली वडील गेले. त्यांच्या ट्रंकेत तळाशी लाल रुमालात बांधलेले बारा कागद निघाले, सगळे मोडीत. आमची शेती धोम धरणाच्या पाण्याखाली गेलेली, त्यामुळे त्या कागदांवरून कुणाशी भांडायचं नव्हतं, काही मिळवायचंही नव्हतं. फक्त पणजोबांच्या वेळचं काय लिहिलंय एवढं कळायला हवं होतं. एका कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याच रात्री साडेअकराला नगर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी पहिल्या चार ओळी वाचून पाठवल्या. त्यात पणजोबांच्या वडिलांचं नाव होतं, जे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी आईला उठवून वाचून दाखवलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उरलेले अकराही फोटो पाठवून दिले.

त्यांनी त्यातली दोन पानं वाचून दिली, तीन दिवसांत. मग आठवडाभर काहीच नाही. आठव्या दिवशी मी त्यांना नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. शब्द नाही, नमस्कार नाही, एक प्रश्नचिन्ह. ते आजही आठवलं की मला वाईट वाटतं. त्यांचं उत्तर आलं, "मुलीकडे बारसं आहे, सवड झाली की बघतो." मला वाटलं, आपण फुकट करून घेतोय म्हणून टाळतायत. मी लगेच लिहिलं, "सर, पानाला पन्नास रुपये देतो." ते म्हणाले, "राहू द्या." त्यानंतर त्यांनी माझं एकही पान वाचलं नाही.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पैसे देतो म्हटलं तरी नाही म्हणतात म्हणजे काय! पुढच्या वर्षी मी मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला, घरी बसून वर्षभर सराव केला, आणि मगच कळलं की मी त्यांना काय बोललो होतो.

मोडी शाळांतून गेली त्याला सत्तरेक वर्षं झाली. त्यामुळे एक पान वाचायला नेमकं काय लागतं, हे विचारणाऱ्याला दिसतच नाही. लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिला अक्षरं टांगत जातो. दोन शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, त्यामुळे 'सुत' म्हणजे मुलगा की 'सूत' म्हणजे धागा, हे मागचंपुढचं बघून ठरवायचं. पेशवेकालीन हात निदान घोटीव असतो. इंग्रजी अमदानीतल्या कारकुनाचा टाक असा पळतो की एकाच ओळीत एकच अक्षर तीन तऱ्हांनी येतं. तारीख सरळ मिळत नाही. 'सन सबा तिसैन मया व अलफ' असं अरबीत लिहिलेलं असतं. सात, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन या जुन्या कालगणनेतलं ११९७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन १७९६-९७ मिळतं. अशा एका पानाला मला अजून अडीच-तीन तास लागतात. त्या सरांच्या तीन तासांची मी पन्नास रुपये किंमत केली होती.

पैसे देऊ केले ही माझी चूक नव्हती. अकरा पानं पाठवली त्याच दिवशी विचारायला हवं होतं, "सर, हे मोठं काम आहे, आपण काय घेता?" मी मात्र आधी फुकट मागितलं, मग तगादा लावला, आणि तगादा चालेना तेव्हा पैसे पुढे केले. तोपर्यंत ते जे देत होते ती मदत होती. पन्नास रुपये म्हणताच ती मजुरी झाली, आणि मजुरी म्हणून ती अपमान वाटेल इतकी कमी होती.

माझी मुलगी अर्थशास्त्र शिकली आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बाबा, यावर प्रयोग झालाय." २००० साली छापून आलेल्या अभ्यासात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना पन्नास प्रश्न सोडवायला दिले. एका गटाला उत्तरामागे काहीच जास्तीचं नाही, दुसऱ्याला दर बरोबर उत्तराला दहा अगोरोत, म्हणजे शेकेलचा दहावा हिस्सा, तिसऱ्याला एक शेकेल, चौथ्याला तीन. काहीच न मिळणाऱ्यांची सरासरी अठ्ठावीसच्या आसपास उत्तरं बरोबर आली. दहा अगोरोतवाल्यांची तेवीस. एक आणि तीन शेकेलवाल्यांची चौतीसच्या आसपास. म्हणजे चिल्लर देण्यापेक्षा काही न देणं बरं, आणि द्यायचेच तर नीट द्यावेत. ती हे सांगत होती तेव्हा मला नगरचे सर डोळ्यांसमोर दिसत होते.

पण नीट पैसे दिले की सगळं नीट होतं असंही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला आणि लिहिलं, "जो आधी वाचेल त्याला पाचशे रुपये, लगेच गूगल पे." चाळीस मिनिटांत तीन वाचनं आली आणि तिन्ही वेगळी. कागदात जमिनीचं माप होतं, '२।।'. जुनी माणसं हे पटकन वाचतील, दोनावर दोन उभ्या रेघा म्हणजे अडीच. अडीच बिघे. जो पहिला आला त्याने नुसतं 'दोन बिघे' लिहिलं होतं. घाईत रेघा म्हणजे वाक्य संपल्याचा दंड समजला असणार. पैसे त्याला मिळाले. अर्धा बिघा कागदावरून नाहीसा झाला.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. एरवी आमच्याकडे एक जण तीन ओळी वाचतो, दुसरा म्हणतो, "अहो, तो 'बिन' नाही, 'वलद' वाटतोय," (दोन्हींचा अर्थ 'अमक्याचा मुलगा'), तिसरी एक ताई तिथी तपासून देतात. असं चारचौघांत वाचन पक्कं होतं. त्या दिवशी कुणी कुणाची चूक काढली नाही. ज्यांचं वाचन मी डोळे झाकून मान्य करतो, त्या दोघांनी तो फोटो उघडलाही नाही. मी रात्री मापाचं लिहिलं, पण तोवर तो गृहस्थ ग्रुप सोडून गेला होता. म्हणून चारचौघांसमोर बक्षीस लावू नये असं माझं ठाम मत झालंय. पैसे द्यायचेत ना, मग एक माणूस निवडावा, त्याच्याशी खासगीत बोलावं, त्याला वेळ द्यावा.

उत्तरांची दुकानदारी मोठ्या प्रमाणावरही करून झाली आहे. गूगलने २००२ साली पैसे घेऊन प्रश्नांची उत्तरं द्यायची सेवा काढली होती. विचारणाऱ्याने दोन ते दोनशे डॉलरपर्यंत किंमत लावायची, त्यातला पाऊण हिस्सा उत्तर शोधणाऱ्याला. २००६ च्या शेवटी त्यांनी नवे प्रश्न घेणं बंद केलं. पण तिथली एक गोष्ट मला पटते. किंमत प्रश्नासोबतच लिहिलेली असायची. मागाहून नाही.

२०२३ मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम विचारणा सुरू झाली. माझ्याकडे दिवसाला वीस-पंचवीस फोटो येत. कुणाच्या मुलाचा प्रवेश अडलेला, कुणाला दाखला हवा. ती माणसं पैशांचं आधी विचारत आणि फार अजिजीने विचारत, ते मला सहन होत नसे. एका रकान्यातला एक शब्द बघायला मी कधी पैसे घेतले नाहीत. दुकानात येऊन कुणी 'ही गोळी जेवणाआधी की नंतर' विचारलं तर मी पैसे घेतो का? पण तेव्हा प्रत्येकाला एक गोष्ट आवर्जून सांगायचो: सरकारी कामाला माझ्या मेसेजचा उपयोग नाही, तिथे सही-शिक्क्याचं लिप्यंतर लागतं. ते करणाऱ्याला त्याचे पैसे द्या, आणि घासाघीस करू नका, कारण तो आपल्या नावावर जबाबदारी घेतोय.

आता मला कुणी विचारलं, की पैसे कधी द्यायचे, तर मी आधी विचारतो, समोरच्याचा किती वेळ जाणार आहे? ठाऊक नसेल तर तेच विचारा. "याला साधारण किती वेळ लागेल?" एवढ्या एका वाक्याने माझे निम्मे गैरसमज टळले असते. मग बघायचं, त्या उत्तरातून तुम्हाला काही मिळणार आहे का. वाटणी, खटला, विक्री, पुस्तक. तुम्हाला चार पैसे सुटणार असतील तर वाचणाऱ्याने फुकट का राबावं? आणि एखादी ओळ, एखादा शब्द, एखादं नाव असेल तर खुशाल फुकट विचारा. तिथे पैसे पुढे केले की उलट अवघडल्यासारखं होतं.

फुकट घेतलेल्याची फेड पैशांशिवाय होते, हे मला इंदूरच्या एका बाईंनी शिकवलं. त्यांच्या आजोबांनी १९३८ साली घरी पाठवलेलं पत्र होतं, दीड पान. मुलीला गोवर आला होता, आता उतार आहे, काळजी नसावी, आणि तुपाचा डबा पोचला. बस्स, एवढंच. वाचून पाठवलं तर त्या फोनवर रडायला लागल्या. गोवर झालेली ती मुलगी म्हणजे त्यांची आई. पैसे घ्या म्हणून मागे लागल्या. मी नाही म्हटलं. "मग मी काय करू?" असं त्यांनी इतक्या कळकळीने विचारलं की मी म्हटलं, ओळीखाली ओळ लिहून काढा, वर मोडी आणि खाली बाळबोध (देवनागरी), नव्याने शिकणाऱ्यांना उपयोग होईल. पंधरा दिवसांत त्यांनी शाईने, सुवाच्य अक्षरात दीड पान उतरवून पाठवलं. मी ते आता शिकाऊ मुलांना पहिला धडा म्हणून देतो. गेल्या महिन्यात त्याच बाईंनी ग्रुपवर दुसऱ्या कुणाची तरी एक ओळ वाचून दिली. बरोबर होती.

मंगळवारच्या तेवीस पानांना मी उत्तर लिहिलं, "नमस्कार. पानाला चारशे रुपये घेतो, तेवीस पानांना तीन आठवडे लागतील. त्याआधी पहिलं आणि शेवटचं पान वाचून हा खरेदीचा कागद आहे की गहाणाचा, एवढं उद्या सकाळी असंच सांगतो, म्हणजे वकिलांशी बोलता येईल." थोड्या वेळाने फोन आला. तरुण मुलगा होता, भोरचा. म्हणाला, "काका, सॉरी. मला वाटलं मशीनसारखं टाकलं की येतं." आम्ही पंधरा मिनिटं बोललो. त्याने निम्मे पैसे लगेच पाठवले. कागद गहाणाचा निघाला.

उरलेली नऊ पानं, वडिलांच्या रुमालातली, मी आता स्वतः वाचून काढली आहेत. एक शब्द मात्र दोन वर्षं अडलेला होता. मी तो 'तळ' वाचत होतो आणि तो कुठेच बसत नव्हता. आमच्या गावात तळं नव्हतं. दिवाळीत धीर करून नगरच्या सरांना मेसेज केला. नमस्कार लिहिला, २०१६ मध्ये मी कसा वागलो ते लिहिलं, माफी मागितली. फक्त त्या शब्दाचा फोटो लावला आणि 'अगदी सवडीने' असं खाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला उत्तर आलं होतं.

"तळ नव्हे, थळ. थळकरी म्हणतात ना, त्यातलं. तुमची जमीन मिरासीची, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची होती. कागद छान जपलाय."

मी दुकान उघडायच्या आधी ट्रंक काढली आणि त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, थळ.