कॅश न जुळलेल्या संध्याकाळी

"मॅडम, दिवसभर मी अगदी मोजून खाते, पण घरी आले की ताबाच राहत नाही." माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आलेल्या ताई, वय 44, बँकेत कॅशिअर. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. फरसाण "थोडंसंच" होतं म्हणाल्या. पुढच्या भेटीला तो डबाच आणायला सांगितला. "रोज घेता तेवढं काढा," म्हटल्यावर त्यांनी ताटलीत मुठी ओतल्या. काट्यावर भरलं 140 ग्रॅम, सुमारे 750 कॅलरी. ताईंचा चेहरा पडला. अशा वेळी पेशंटला अपराधी वाटू देऊ नये, कारण ती टोचणीच पुढच्या वेळी पुन्हा डब्याकडे नेते. मी आकडा लिहून घेतला आणि दुपारच्या जेवणाचं विचारलं. एक वाजता दोन पोळ्या-भाजी, मग थेट साडेसहाला घर. मध्ये फक्त चहा.

फरसाण बंद करायला सांगितलं नाही. तो उपाय त्यांनी आधीच करून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा पुडा आला. त्याऐवजी वहीत चार रकाने आखून दिले: वेळ, भूक किती, आधी काय घडलं, काय खाल्लं. पोट गच्च असेल तर 0, पोटात कावळे ओरडत असतील तर 10. पहिले तीन रकाने खाण्याआधी भरायचे, एवढी एकच अट. पहिल्या आठवड्यात त्यांनी रात्री आठवून लिहिलं आणि सगळीकडे 8 आलं. खाऊन झाल्यावर मन खाण्याला कारण शोधतं, त्यामुळे ती पानं काही कामाची नव्हती.

दुसऱ्या आठवड्याच्या सहा नोंदींनी मात्र मला थांबवलं. चार दिवस भूक 7 किंवा 8. उरलेले दोन दिवस भूक 2, आणि शेजारच्या रकान्यात "कॅश 500 ने कमी" आणि "कॅश जुळेना". म्हणजे खाणं एकाच डब्यातलं असलं तरी कारणं दोन होती.

आधी खरी भूक मिटवायची. ती तशीच ठेवून मनाला आवर घालायला सांगणं हा माणसावर अन्याय आहे. दुपारच्या डब्यात वाटीभर घट्ट उसळ वाढवली आणि पाच वाजता 30 ग्रॅम फुटाणे व ताक दिलं. पुढच्या आठवड्यात भुकेचे ते चार दिवस एका दिवसावर आले.

कॅशच्या दिवसांसाठी वेगळा क्रम ठरवला. घरात आल्यावर स्वयंपाकघरात जायचं नाही. पर्स ठेवायची, हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, बाल्कनीत बसून बहिणीला फोन लावायचा आणि तिला काय झालं ते सांगायचं. दहा मिनिटांनी पुन्हा भूक मोजायची. तरीही खावंसं वाटलं तर खायचं, पण वाटीत काढून, डबा झाकून, बसून. ओट्यापाशी उभं राहून डब्यातूनच खाताना किती खाल्लं ते कळत नाही.

एक गोष्ट मी सुरुवातीलाच विचारून घेतली होती. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबताच येत नाही, असं आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने होत असेल, तर नुसता आहारतज्ज्ञ पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. ताईंचं तसं नव्हतं.

आठव्या आठवड्यात बँकेत दोनदा कॅश जुळली नाही. पहिल्या दिवशी फोनवरच भागलं. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी: "7.40. भूक 2. कॅश 2000 ने कमी, पगारातून भरावे लागणार. फरसाण एक वाटी, बसून." त्यांनी तीच वाटी सोबत आणली होती. तेवढंच भरून काट्यावर ठेवलं, 35 ग्रॅम.