तुम्ही विचारलंत म्हणून: क्लचवरचा ठोकळा आणि वाकडा गियर

परवा पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलाने खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, क्लचवर हे काय बसवलंय? आणि गियर असा वाकडा का?" आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी हे विचारतंच. सोसायटीचा वॉचमन, पीयूसीवाला, भाच्याचे मित्र. भाच्याच्या मित्रांना तर वाटतं की मी गाडी रेसिंगची करून घेतलीय. आखूड गियर म्हणजे रेस, एवढंच त्यांना ठाऊक. आणि वर सगळ्यांचा एक ठरलेला सल्ला: "त्यापेक्षा ऑटोमॅटिक घ्या ना." तर एकदा सविस्तर सांगून टाकते.

माझी उंची चार फूट दहा इंच. गाडी १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, चार गियरची. ती घेतली ह्यांनी, आणि हे होते पावणेसहा फुटाच्या वर. त्यांच्या मापाने बघितलं तर गाडीत काहीच चुकीचं नव्हतं. २०११ साली हे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. लायसन्स माझ्याकडे आधीपासून होतं, पण शेजारी हे बसलेले असताना मंडईपर्यंत जाणं आणि रोज एकटीने कोल्हापुरात गाडी काढणं यात फरक असतो.

सीट पूर्ण पुढे ओढली तरी क्लच तळापर्यंत दाबायला मला कंबरेतून सरकावं लागायचं. पाठीमागे उशी घेतली. मग पाय पुरायला लागला, पण स्टिअरिंग छातीशी आलं. शिवाय सीट इतकी पुढे आली की गियरचा दांडा हाताच्या पुढे न राहता मांडीच्या बाजूला आला. पहिला आणि तिसरा टाकताना काही नाही, ते पुढे जातात. दुसरा आणि चौथा मागे येतात, आणि चौथा टाकला की मूठ माझ्या मांडीवर आणि कोपर सीटच्या पाठीवर. साडी नेसलेली असेल तर निऱ्याच चौथ्यात जायच्या.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना मी तक्रार सांगायला गेले ती वेगळीच: रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. त्यांनी मला गाडीत बसवलं, स्वतः दार उघडं धरून उकिडवे बसले आणि माझ्या पायाकडे बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, गियरबॉक्सला काय झालेलं न्हाई. तुमचा क्लचच पुरा दबत न्हाई. पुढच्या गियरांस्नी सिंक्रो हाय, ते गपगुमान सोसत्यात. रिव्हर्सला न्हाई, म्हणून त्यो बोंबलतोय." सिंक्रो म्हणजे गियर बसण्याआधी आतल्या चाकांचा वेग जुळवून घेणारी कडी. थोडक्यात, वर्षभर मी अर्ध्या क्लचवर गियर बदलत होते आणि प्लेट जाळत होते. हे मला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने सांगितलं नव्हतं. त्याने उशी दिली होती.

पहिला ठोकळा मी घरीच केला, आणि तो कसा करू नये हे सांगण्यासाठीच खरं तर हा सगळा मजकूर. सुताराकडून सागवानाचा इंच-सव्वा इंचाचा तुकडा आणला, क्लचच्या पेडलवर ठेवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधला. छान चालला. तीन महिने चालला. मी सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते.

मग एका रविवारी पन्हाळ्याहून खाली येत होते. वाघबीळच्या अलीकडे उतारावर डावं वळण आलं, मी क्लच सोडला आणि पायाखाली एकदम हलकं वाटलं. ठोकळा निसटून उजवीकडे घरंगळला. ब्रेक दाबला, तर पेडल थोडं खाली गेलं आणि टक् करून थांबलं. खाली लाकूड! ते टक् अजून मला पायाच्या तळव्यात ऐकू येतं. गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती हे नशीब. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेलाच होता, हँडब्रेक हळूहळू ओढत गेले आणि डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घालून थांबले. मागून एसटी येत होती. ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता बाजूने काढली, त्याचे उपकार. ठोकळा ब्रेकखालून काढून मी सरळ दरीत भिरकावला.

त्या दिवसापासून एक नियम झाला. पायाच्या जागेत जे काही बसवायचं ते आरपार बोल्टने. सुतळी, ट्यूब, डिंक, दुहेरी चिकटपट्टी यांतलं काही नाही. आणि ब्रेकच्या पेडलला हात लावायचा नाही, त्यात ड्रिलसुद्धा मारायचं नाही.

आताचा ठोकळा ॲल्युमिनियमचा आहे, तीस मिलिमीटर जाड. क्लचचं रबर काढून खालच्या पत्र्याचं माप कागदावर घेतलं आणि ठोकळा अगदी त्याच आकाराचा कापला, कडेने खाच ठेवून, म्हणजे मूळचंच रबर त्यावर चढतं. दोन सहा मिलिमीटरचे बोल्ट पेडलच्या पत्र्यातून आरपार, मागे नायलॉक नट. नायलॉक म्हणजे ज्या नटात आत नायलॉनची कडी असते तो, हादऱ्याने ढिला होत नाही. तीन सिलिंडरचं इंजिन जास्त थरथरतं, त्या गाडीत साधा नट लावाल तर पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. दर महिन्याला मी दार उघडून, गुडघे टेकून, ठोकळा हाताने हलवून बघते.

तीस मिलिमीटरने काय होतं? सीट एक घर मागे गेली. लोकांना वाटतं ठोकळा पायासाठी आहे. आहेच, पण त्याचा खरा फायदा छातीला. स्टिअरिंग आणि छातीचं हाड यांत निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर असावं असं सांगतात, ते एअरबॅगच्या गाड्यांसाठी. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, पण एअरबॅग नाही म्हणून स्टिअरिंगला मिठी मारून बसावं असंही नाही. आता माझं अंतर सत्तावीस भरतं. टेपने मोजलंय.

ॲक्सिलरेटरची गोष्ट मात्र फसली. क्लच जवळ आला तर तोही आणू, म्हणून तिथेही एक जाड पट्टी लावून घेतली. मिस्त्री नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. गाडी अंगणातच उभी होती, इंजिन चालू. ब्रेक दाबला आणि इंजिन ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटर उंच झाला होता आणि ब्रेक जागच्या जागी. ब्रेक दाबताना बुटाची कड त्या पट्टीवर पडत होती. गाडीत ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा थोडं वर असतं ते उगाच नाही. पाय सरकला तर तो ब्रेकवर आधी यावा म्हणून. शर्यतवाले एकाच पायाने टाचेने एक आणि चवड्याने दुसरं दाबतात आणि त्यासाठी दोन्ही पेडलं मुद्दाम बरोबरीला आणतात, पण त्यांना ते करायचं असतं. मला मंडईत जायचं होतं. पट्टी त्याच दुपारी काढली.

मग मिस्त्रींनीच युक्ती काढली. "पेडल खाली येत न्हाई तर जमीन वर घेऊया की." बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन थर, वर खरबरीत रबर, आणि तो पाट टाचांच्या जागी बोल्टने पक्का. क्लचला पाय लांब करावा लागतो तसा ब्रेक-ॲक्सिलरेटरला करावा लागत नाही. टाच टेकली की चवडा पोचतो. पूर्वी लहान पावलामुळे माझी टाच सारखी हवेत असायची, साताऱ्यापर्यंत जाऊन आलं की नडगी भरून यायची. ते थांबलं.

पाट करताना त्यांनी एक गोष्ट अशी तपासली की मला सुचली नसती. ब्रेक नेहमी दाबतो तेवढाच खाली जातो असं धरायचं नाही. ब्रेकच्या तेलाच्या दोन वाटा असतात. त्यातली एक गळली तर दुसरीवर गाडी थांबते, पण पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली जातं. नेमकं त्याच दिवशी ते पाटावर अडलं तर? म्हणून त्यांनी पाटाची पुढची कड पेडलच्या शेवटच्या टोकाच्याही अलीकडे कापली आणि मधल्या जागेत आपली मूठ घालून बघितली. मूठ आरामात गेली पाहिजे. क्लचचंही तेच. ठोकळ्यासकट पूर्ण दाबल्यावर खाली काही लागता कामा नये. पायपुसणी मी तेव्हापासून टाकत नाही.

आता गियर. इथे मात्र मी बिनधास्त प्रयोग केले, कारण गियरचा दांडा बिघडला तर फार तर गाडी अडते.

मारुतीचा गियर म्हणजे साधी तरफ आहे. दांडा मध्ये एका गोळ्यावर टेकतो, वरचा भाग आपल्या हातात, खालचं टोक एका लांब सळीला जोडलेलं, आणि ती सळी गाडीच्या पोटाखालून गियरबॉक्सपर्यंत जाते. आधी त्या सळीचे बुश, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या नळीसारख्या कड्या, बदलले. जुने इतके झिजले होते की न्यूट्रलमध्ये दांडा खिचडीत डाव फिरवल्यासारखा फिरायचा. निम्मी तक्रार तिथेच संपली, आणि गियर आखूड करा म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: आधी बुश बघा. मिस्त्रींच्या पोराने हौसेने गनमेटलचे बुश लेथवर काढून दिले होते. गियर चाकूसारखा बसायचा, पण रबर-नायलॉन गेल्यामुळे इंजिनाची सगळी थरथर मुठीत. सिग्नलला उभं राहिलं की हातात भुंगा धरल्यासारखं. आठ दिवसांत नायलॉनचे करून घेतले.

मग दांडा. गोळ्याच्या वर बत्तीस सेंटिमीटर होता, खाली चार. म्हणजे खालचं टोक एक सेंटिमीटर हलवायला वरची मूठ आठ हलवायची. वरून सहा सेंटिमीटर कापले की आठाचे साडेसहा होतात. पूर्वी मूठ पुढून मागे बारा सेंटिमीटर यायची, आता दहाच्या आत येते. फुकट काही मिळत नाही. जोर जवळजवळ पाव पट जास्त लागतो, आणि थंडीत सकाळी पहिल्या दोन गियरांना तो जाणवतो. संधिवात असेल तर हे करू नका. त्याऐवजी वाकवून बघा.

मी दोन्ही केलं. आखूड केला आणि पुढे वाकवला, म्हणजे मूठ पाचेक सेंटिमीटर पुढे गेली आणि मांडी मोकळी झाली. पहिल्यांदा जास्तच वाकला आणि तिसरा टाकताना बोटांची पेरं डॅशबोर्डवर आपटायला लागली. दुसरी चूक त्याहून मजेशीर. कापून जोडला होता आणि वेल्डिंग जिथे वाकवलं त्याच जागी होतं. महिन्याभराने कावळा नाक्याच्या सिग्नलला दुसऱ्यातून पहिल्यात टाकताना मूठ माझ्या हातात आली. नुसती मूठ नव्हे, वितभर दांड्यासकट! मागे रिक्षा, टेम्पो, सगळे बोंबलतायत आणि मी हातात गियर घेऊन बसलेय. एक रिक्षावाला उतरून आला, त्याने मूठ बघितली, मला बघितलं, आणि आपल्या डिकीतून लॉकिंग पकड काढून उरलेल्या खुंटावर आवळून दिली. त्या पकडीने गियर टाकत मी उद्यमनगरापर्यंत गेले. पकड परत करायला दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेले तर म्हणाला, "राहू दे की मावशी, लागंल पुन्हा."

आताचा दांडा जोड नसलेला, भंगारातून आणलेल्या दुसऱ्या दांड्याचा. गाडीतून पूर्ण बाहेर काढून, गोळ्याखालची प्लॅस्टिकची वाटी बाजूला ठेवून, मग गॅसवर लाल करून वाकवलेला. जागेवर ठेवूनच तापवला असता तर वाटी वितळली असती. मूठ आमच्या मोडक्या लाटण्याची आहे, आत पितळी नट ठोकून. शिसवीचं लाटणं होतं, सासूबाईंचं. उन्हात गाडी उभी असली तरी चटका बसत नाही.

कायद्याचंही विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर जे तपशील असतात त्यांत फरक पडेल असा बदल चालत नाही. ठोकळ्याने ना इंजिन बदलतं ना सांगाडा, पण मी लपवून काही ठेवलेलं नाही. पंधरा वर्षं झाल्यावर २०१३ साली, आणि मग दर पाच वर्षांनी, फेरनोंदणीला गाडी दाखवताना मी आधी दार उघडून ठोकळा आणि पाट दाखवते.

आणि ऑटोमॅटिक? चालवून बघितली. चांगली असते. क्लचच नाही म्हणजे माझा निम्मा रोग तिथेच बरा. पण त्या गाडीचं बॉनेट मला दिसेना, आणि पुढच्या काचेचे खांब इतके जाड की वळणावर अख्खा माणूस त्यामागे लपतो. माझ्या गाडीचे चारही कोपरे मला बसल्या जागेवरून कळतात. गुडघे कुरकुरायला लागले की घेईन.

आता तिसऱ्या मजल्यावरची मुलगी गाडी शिकतेय. उंची माझ्याहून इंचभर जास्त. तिलाही शिकवणाऱ्याने उशी दिलीय. परवा येऊन म्हणाली, काकू, तुमच्या ठोकळ्याचं माप द्या. माप दिलं नाही. तिचे पाय लांब आहेत आणि धड आखूड, माझा ठोकळा तिला जाडच होईल. रविवारी सकाळी ये म्हटलंय, रोजचे बूट घालून. पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक ठेवून बघू, किती लागतात ते. अर्थात गाडी बंद ठेवून.