फॉर्ममध्ये राखडीला रकाना नाही

मी उपकेंद्रातली सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. गावातल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका विचारणारा फॉर्म, भरायचा असतो, तो आशाताई भरतात, आणि महिनाअखेरीला कसा भरतात ते विचारू नका.

मे महिन्यात एक काकू आली, पंचेचाळीशीची असेल, ओसरीवर चढली तरी दम. टीबीसाठी थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह. "बिडी नाई, खर्रा बी नाई मॅडम," आमच्याकडे हे दुर्मिळच. माझ्याकडे पीक फ्लो मीटर आहे, श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारं, सरकारी नाही, माझ्या पैशाचा. त्यात फुंकायला शिकवणं ही कलाच आहे, कोणी गाल फुगवतं, कोणी जीभ आडवी घालतं. तीन वेळा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा धरायचा. काकूने फुंकणीत फुंकतात तसं ओठ आवळून लांब फुंकलं, पुन्हा शिकवलं, तरी काटा १६० च्या वर जाईना. तीनशेच्या वर पाहिजे होता.

"चूल आहे का घरी?"

"गॅस हाय नं. आंघोळीचं पाणी तेवढं चुलीवर तापवतो."

बसताना तिनं पदरानं खुर्ची पुसली, पदर राखाडी झाला. घर वीज प्लांटच्या राखड बंडापासून, म्हणजे कोळशाची राख साठवायच्या तळ्यापासून, हाकेवर. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राखच, चिमणीआधी अडवलेली राख पाण्यात कालवून पाइपाने बंडात सोडतात, उन्हाळ्यात वरचा थर वाळला की वारा ती गावात आणतो. राख विटा-सिमेंटला वापरा हा नियम १९९९ पासून आहे, बंड मात्र भरलेलाच. काकूने अंगणात पापड वाळवणं केव्हाच सोडलं, कापूस मळका म्हणून व्यापारी भाव पाडतो.

फॉर्ममध्ये विचारतात, स्वयंपाकाला इंधन कोणतं, वीटभट्टी किंवा काचकारखान्यासारख्या धुराच्या जागी काम करता का. राखडीत राहता का, हे कुठेच नाही. मी 'लाकूड'वर टिक केली. खोटं नव्हतं, अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलेली बाई, चुलीचा वाटा असेलच, पण कोणाचा किती हे काटा सांगत नाही. रेफर चिठ्ठीवर 'राखडीचा संपर्क' असं हातानं लिहिलं, ऑनलाइन एंट्रीत ते गेलंच नाही.

पुढच्या मीटिंगला साहेब म्हणाले, तुमच्या गावात चुली फार दिसतात, जनजागृती घ्या. घेतली. काकू पहिल्या रांगेत, इनहेलर मुठीत. चुलीच्या धुराचं पोस्टर लावायला भिंत पुसली तर टेप चिकटेना, परत पुसली.