काळ्या जमिनीतल्या काठ्या : पोळ्यापर्यंतची नोंद

टोमॅटो कमरेला आले, उंच झेंडूला कळ्या धरल्या. पश्चिमेच्या टोकाच्या आधाराच्या दोन काठ्या कलल्या आहेत. काळ्या जमिनीत काठी क्वचितच मोडते. झडीनंतर बुडाची माती लोण्यासारखी होते आणि काठी रोपासकट आडवी होते.

म्हणून मुरमाड जमिनीत दीड फूट पुरतं तिथे काळीत दोन फूट गाडायचं. चार फुटी झाडाला सहा फुटी काठी, अंगठ्याएवढी जाड. मानवेल बांबू मिळाला तर दुसरं काही घेऊ नका, तो जवळपास भरीव असतो. पोकळ बांबू असेल तर वरचा काप गाठीच्या लगेच वर घ्या, नाहीतर नळीत पाणी साचून तो कुजतो. सब्बलीने (पहारीने) पाडलेलं भोक काठीपेक्षा बारीकच असावं. सैल भोकात माती भरून काठी घट्ट बसत नाही.

काठी रोप लावतानाच, खोडापासून चार बोटं लांब. उशिरा ठोकली की मुळं तुटतात. पावसाळी वारा पश्चिमेचा, त्यामुळे काठीही त्याच बाजूला. मग वाऱ्याने झाड काठीवर घासत नाही.

बांधणीत खरी गंमत आहे. सुतळीची गाठ काठीवर करकचून, मग मध्ये एक पीळ देऊन खोडाभोवती सैल वळसा, करंगळी जाईल इतका. सुतळी भिजली की आखडते, हे विसरलं की खोडाला काच पडतो. नायलॉनची दोरी तर सालच कापते. जुन्या साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या सगळ्यात बऱ्या. पहिला बांध वीतभर उंचीवर, पुढे दर वीतभर वाढीला एक. फक्त शेंड्याजवळ एकच बांध दिला तर झाड त्याच्यावरच मोडतं.

झेंडूला एकेक काठी परवडत नाही. ओळीत पाच-पाच फुटांवर काठ्या, दोन्ही बाजूंनी सुतळी, टोकाच्या काठीला बाहेरून ताण. बुडाशी मातीची भर मात्र हवीच.

पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, फुकट मिळतात, पण वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी असते. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) वापरा, त्याही वालासारख्या हलक्या वेलांनाच.

उघाड पडली की जमीन भेगाळेल आणि काठ्या हलायला लागतील. तेव्हा भेगेत भुसभुशीत माती ओतून टाचेने दाबायची. हंगाम सरला की काठ्या उपटून पडवीत उभ्या करा, जमिनीत राहिल्या तर उधळी (वाळवी) सोडत नाही.