तैपेई १०१ : दृश्य नंतर, आधी गोळा

उंचीच्या यादीत तैपेई १०१ आता पहिल्या दहातही नाही. २००४ च्या ३१ डिसेंबरला तिचं उद्घाटन झालं तेव्हा ५०८ मीटर उंचीची ही इमारत जगात पहिली होती. २०१० मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाने तो मान काढून घेतला, मग चीनमधल्या इमारतींची रांगच लागली. तरीही उंच इमारतींचं वेड असलेल्या कुणी मला विचारलं की एकच बघायची तर कुठली, तर मी तैवानच्या राजधानीतल्या या तैपेई १०१ चंच नाव घेईन. बाकीच्या इमारती तुम्हाला लिफ्टने वर नेतात, खिडकीतून शहर दाखवतात आणि खाली आणून सोडतात. आपण कशाच्या जोरावर उभ्या आहोत हे मात्र लपवून ठेवतात. तैपेई १०१ ने ते मध्यभागी टांगून ठेवलंय.

लोअर परळच्या पुलावरून जाताना टॉवरचे मजले मोजणारी काही माणसं असतात, त्यांतला मी एक. बायकोला या कशात रस नाही. तिला तैवानचा चहा, रात्रीचे बाजार आणि डोंगर हवे होते. दोघांचंही एका गावात भागलं, ही तैपेईची आणखी एक जमेची बाजू.

इमारतीकडे जायला मेट्रोची लाल लाइन. इमारतीच्या दारातच ‘तैपेई १०१ / वर्ल्ड ट्रेड सेंटर’ नावाचं स्टेशन आहे आणि सगळे तिथेच उतरतात. माझं ऐकाल तर एक स्टेशन अलीकडे, शिन्यी आन्हला उतरा आणि शिन्यी रोडने सरळ चालत या. अंतर दीडेक किलोमीटर असेल, पण मनोरा समोर हळूहळू मोठा होत जातो आणि त्याची रचना नीट वाचता येते. खाली सुमारे पंचवीस मजल्यांचा, वर निमुळता होत जाणारा पाया. त्यावर एकावर एक आठ खंड, प्रत्येक खंड आठ मजल्यांचा आणि वर जाताना किंचित बाहेर झुकलेला. ८ हा तिथे शुभ आकडा. वास्तुरचनाकार सी. वाय. ली यांच्या कार्यालयाने बांबूची पेरं डोळ्यांसमोर ठेवून हे केलं असं सांगतात. पाया संपतो तिथे चारही बाजूंना प्रचंड नाणी लावली आहेत. समृद्धीचं प्रतीक वगैरे ठीक आहे, पण मला ती नाणी जरा अंगावर आली. एवढ्या देखण्या बांधणीला इतक्या ठळक सूचनेची गरज नव्हती.

जवळ आलात की कोपऱ्यांकडे बघा. बहुतेक जण बघत नाहीत. इमारतीचा कोपरा काटकोनात संपत नाही, त्याला करवतीसारखे खाचे दिले आहेत. हे नक्षीकाम नव्हे. सरळ कोपऱ्याच्या उंच इमारतीवरून वारा गेला की मागच्या बाजूला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे सुटतात आणि इमारत आडवी डोलायला लागते. खाचांमुळे हे भोवरे एका तालात सुटत नाहीत. वारा सोडायच्या चाचणी-बोगद्यात नमुने तपासून हा आकार ठरवला आणि वाऱ्याचा भार सुमारे २५ टक्क्यांनी उतरला.

तैपेईत हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा नाही. दर उन्हाळ्यात टायफून येतात, आणि बेट भूकंपाच्या पट्ट्यात आहे. वाऱ्यासाठी इमारत ताठ हवी, भूकंपासाठी लवचीक. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. त्यात शहर वसलंय मऊ गाळाच्या खोऱ्यात. म्हणून खाली ३८० पाइल, म्हणजे पायाचे खांब, ८० मीटर खोलपर्यंत, थेट खडकात उतरवले आहेत. वर आठ महास्तंभ, प्रत्येक बाजूला दोन, पोलादी पेट्यांचे. ६२ व्या मजल्यापर्यंत त्यांच्या पोटात काँक्रीट भरलंय. १९९९ च्या जानेवारीत भूमिपूजन झालं आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरला ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने तैवानमध्ये दोन हजार चारशेहून अधिक माणसं गेली. ३१ मार्च २००२ ला बांधकाम चालू असतानाच पुन्हा मोठा धक्का बसला. ५६ व्या मजल्यावरून क्रेन खाली कोसळल्या आणि पाच जणांचा मृत्यू झाला. सांगाडा मात्र शाबूत राहिला. कोयनेचा १९६७ चा भूकंप घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेल्या माणसाला इथे मान वर करून उभं राहताना थोडं वेगळं वाटतं.

तिकीटखिडकी मॉलच्या पाचव्या मजल्यावर आहे. ८९ व्या मजल्याच्या गॅलरीचं साधं तिकीट आम्ही गेलो तेव्हा ६०० तैवान डॉलर होतं, आणि एक तैवान डॉलर म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. जायच्या आधी दर एकदा बघून घ्या. रांग टाळण्यासाठी जादा पैशांचं तिकीटही मिळतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलात तर त्याची गरज पडणार नाही. फार आधीपासून बुकिंग करून ठेवण्याच्या मी विरोधात आहे, कारण तैपेईचं आभाळ. हिवाळ्यात दिवसेंदिवस रिपरिप असते आणि मनोऱ्याचं डोकं ढगात जातं. सकाळी हॉटेलबाहेर येऊन वर बघा. शेंडा दिसत असेल तर निघा. सगळ्यात भरवशाचे महिने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर.

लिफ्ट तोशिबाची. पाचव्या मजल्यावरून ८९ वा मजला ३७ सेकंदांत, वेग मिनिटाला १,०१० मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटर. बरीच वर्षं ही जगातली सर्वांत वेगवान लिफ्ट होती. पुढे शांघाय टॉवरने तिला मागे टाकलं. छतावर आकडे पळताना दिसतात, अंगाला मात्र जवळजवळ काहीच जाणवत नाही. केबिनमधला हवेचा दाब यंत्रणा सांभाळते, तरी कानात दडे बसतातच. उतरताना वेग मिनिटाला ६०० मीटरवर आणतात, कारण खाली येताना कानांना त्रास जास्त होतो. सर्दी झाली असेल तर तोंडात गोळी ठेवा.

वर पोचल्यावर सगळे काचेकडे धावतात. तुम्ही आधी जिन्याने ८८ व्या मजल्यावर उतरा. तिथे तो गोळा आहे.

सोनेरी रंगाचा, साडेपाच मीटर व्यासाचा, ६६० टन वजनाचा पोलादी गोळा. ९२ व्या मजल्यापासून जाडजूड दोरखंडांनी टांगलेला, खाली ८७ व्या मजल्यापर्यंत लोंबणारा. जवळून पाहिलं की कळतं, तो एकसंध नाही. साडेबारा सेंटीमीटर जाडीच्या ४१ चकत्या एकावर एक रचून जोडल्या आहेत. अख्खा गोळा एवढ्या उंचीवर उचलू शकेल अशी क्रेनच नव्हती, म्हणून चकत्या सुट्या आणून जागेवरच वेल्डिंग केलं.

काम कसं करतो? मनोऱ्याला स्वतःचा एक ताल आहे. एकदा डोलून परत यायला साधारण सात सेकंद. गोळ्याचा लोलकही त्याच तालावर बसवलाय. वाऱ्याने इमारत एका बाजूला जायला लागली की जड गोळा मागे रेंगाळतो आणि त्याची ओढ उलट दिशेला पडते. पुढे निघालेल्या झोपाळ्याला कुणी नेमकं त्याच वेळी मागे रेटावं, तसं. इमारतीची डोलण्याची शक्ती अशी गोळ्यात उतरते आणि त्याच्या खाली लावलेल्या तेलाच्या दट्ट्यांमध्ये उष्णता होऊन विरते. डोलणं तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी होतं. गोळा मुख्यतः वाऱ्यासाठी आहे, वरच्या मजल्यांवर काम करणाऱ्यांना मळमळू नये म्हणून. गोळ्यामुळे इमारत भूकंपात टिकते असं अनेक जण सांगतात, पण ते श्रेय सांगाड्याचं आहे.

८ ऑगस्ट २०१५ ला सौडेलोर टायफून आला तेव्हा हा गोळा तब्बल एक मीटर सरकला होता. त्याची चित्रफीत तिथे पडद्यावर चालू असते. कठड्याला रेलून ती दोनदा तरी बघा. आम्ही गेलो त्या दिवशी गोळा ढिम्म होता. माझी जरा निराशा झाली, बायकोची नाही. तिला गोळ्याचं बाहुलं आवडलं. डोलणं शमवणाऱ्या अशा गोळ्याला इंग्रजीत डँपर म्हणतात, म्हणून ‘डँपर बेबी’ नावाचं शुभंकर सॅनरिओ कंपनीकडून करून घेतलंय, मोठ्या गोल डोक्याचं. ६६० टनांच्या यंत्राचं खेळणं करणारे लोक मला आवडले.

मग वर येऊन दृश्य. चहूबाजूंनी डोंगर, मधे करड्या छपरांचं सपाट शहर, आणि उत्तरेला गावातच असलेला सोंगशान विमानतळ. उतरणारी विमानं आपल्या डोळ्यांच्या खाली असतात, हे बघायला मजा येते. शेजारी २७२ मीटरचा नान शान प्लाझा ठेंगणा दिसतो. तोच दादरला असता तर आपण थांबून बघितला असता. ९१ व्या मजल्यावरची उघडी गच्ची हवा बरी असेल तरच खुली ठेवतात. ४६० मीटरवरच्या सर्वांत वरच्या मजल्याचं तिकीट बरंच महाग आणि जागा मोजक्या. माझ्या मते ते पैसे वाचवा. बाहेर पडण्याची वाट पोवळ्यांच्या दागिन्यांच्या दालनातून जाते. थांबलात तर विक्रेते प्रेमाने गळ घालतात, तेव्हा चालत राहा.

जेवणाचं. तळघरात खाण्याची मोठी जागा आहे, तिथेच दिन ताई फुंगची शाखा. त्यांचे प्रसिद्ध डंपलिंग डुकराच्या मांसाचे असतात, पण भाजी आणि मशरूमचेही मिळतात. मागतानाच स्पष्ट सांगा. शहरात शाकाहारी माणसाची अजिबात उपासमार होत नाही. पाटीवर स्वस्तिक दिसलं की ते बौद्ध शाकाहारी हॉटेल. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय होते. अंड्याचं तेवढं विचारून घ्या. मेट्रोत मात्र काहीही तोंडात टाकू नका, पाणीसुद्धा नाही. दंड होतो.

व्हिसाबद्दल थोडंसं. अमेरिका, ब्रिटन, जपान, शेंगेन अशा काही व्हिसांपैकी एखादा ज्यांच्याकडे आहे किंवा पूर्वी होता, त्या भारतीयांना अटींमध्ये बसल्यास ऑनलाइन प्रवेशपरवाना फुकट मिळतो. नियम बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीच वाचा. बाकीच्यांनी रीतसर व्हिसा काढावा. ऑक्टोबर २०२४ पासून तैवानचं केंद्र मुंबईतही सुरू झालंय.

३१ डिसेंबरला मनोऱ्यावरून आतषबाजी होते आणि त्या रात्री मेट्रो थांबत नाही. गर्दी सोसणारी माणसं असाल तरच त्या दिवशी जा. वर्षातून एकदा जिने चढण्याची शर्यत असते, ९१ व्या मजल्यापर्यंत २,०४६ पायऱ्या. ती गुडघे शाबूत असलेल्यांसाठी.

इमारतीच्या आतून इमारत दिसत नाही, त्यामुळे फोटोसाठी दोन जागा सांगतो. एक, चालत दहा मिनिटांवरचं फोर फोर साउथ व्हिलेज. चीनमधून आलेल्या सैनिकी कारखान्याच्या कुटुंबांची ही जुनी बैठी वसाहत आता जपून ठेवली आहे, आणि तिच्या कौलांमागून मनोरा थेट वर उठतो. दुसरी शियांगशान, म्हणजे हत्ती टेकडी. लाल लाइनने शियांगशान स्टेशनला उतरून दोन नंबरच्या दाराने बाहेर या. टेकडी जेमतेम १८३ मीटरची, पण पायऱ्या खड्या आहेत. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, नाहीतर मोठ्या खडकांवरच्या जागा तिपाईवाल्यांनी अडवलेल्या असतात. अंधार पडला की मनोऱ्यावर दिवे लागतात, वाराप्रमाणे इंद्रधनुष्याचा एकेक रंग : सोमवारी लाल, रविवारी जांभळा. पाण्याची बाटली खालूनच घ्या, डास फार आहेत, आणि पाऊस पडून गेला असेल तर चपला घालून चढू नका. दगडी पायऱ्या उतरताना घसरतात.