यशवंतरावांचे कागद शोधताय? आधी कराडचं तिकीट काढू नका

यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळावर काम करायचं असेल तर सुरुवात मुंबईतून करा. देवराष्ट्रे हे त्यांचं जन्मगाव आणि कराड नंतर. मला नेमकं उलटं सांगण्यात आलं होतं. “सगळं कराडला आहे, घर आहे, पुस्तकं आहेत, कागदही तिथंच मिळतील,” असं दोघातिघांनी छातीठोकपणे सांगितलं आणि त्यांच्यापैकी एकानंही तिथं जाऊन कागद पाहिलेला नव्हता. कराडला चव्हाण कसे घडले ते कळतं. सरकार कसं चाललं ते कळत नाही.

मुळात शोध घ्यावा लागतो तो का, हे आधी सांगतो. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचं आत्मचरित्र फेब्रुवारी १९८४ मध्ये आलं आणि ते १९४६ ला थांबतं. निवडून येऊन, संसदीय चिटणीस होऊन ते मुंबईला निघतात तिथंच पुस्तक संपतं. पुढचे दोन भाग, मुंबईच्या वर्षांवर ‘सागरतीरी’ आणि दिल्लीच्या वर्षांवर ‘यमुनाकाठी’, त्यांच्या मनात होते. पण २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले आणि दोन्ही राहून गेले. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याची सूत्रं हाती घेतल्यापासून नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जाईपर्यंतचा काळ, ज्यात आजच्या महाराष्ट्राचा पाया घातला गेला, तो त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सलग कुठेच नाही. तो तुम्हालाच कागदांतून जुळवावा लागतो. माझ्या मते मराठी वाचकाचं हे फार मोठं नुकसान आहे.

आता प्रवास, मी केला त्याच उलट्या क्रमानं. पुणे-मिरज मार्गावरची पॅसेंजर पकडली तर कराड, शेणोली, भवानीनगर आणि मग ताकारी येतं. शेणोली आलं की खिडकीतून बाहेर बघा. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेनं पगाराची गाडी लुटली ती इथंच. एवढं सोडलं तर या टप्प्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गाडी चांगली, बसायला जागा, चहा ठीक.

खरी परीक्षा ताकारीला उतरल्यावर. स्टेशनाबाहेर विचारलं तर जो तो म्हणतो, “देवराष्ट्रे? हे काय, घाट चढला की आलंच.” ऐकू नका. चालायची सवय असलेल्या माणसालाही हा घाट उन्हात दमवतो. पण चढ हा मुद्दा नाहीच, तो कुणीही काढेल. मुद्दा आहे ऊस. मी गेलो तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात होता. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेल्या मोळ्या आणि वर कर्कश गाणी. वळणावर पहिली ट्रॉली तुमच्या शेजारून नीट जाते, दुसरी आत कापते. रस्त्याच्या कडेला साइडपट्टी म्हणून जे आहे ते खडी आणि सांडलेली उसाची कांडकी. पाय ठेवला की घसरतो. एका वळणावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याचा, फटकारा दंडावर बसला आणि शर्टाची बाही उसवली. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की डोंगराच्या बाजूला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्यायच्या, धुरळा बसू द्यायचा, मग चार पावलं. घाटभर हेच. वर पोचलो तेव्हा पाण्याची बाटली रिकामी होती आणि पाय थरथरत होते. पायाची नव्हे, धास्तीची थरथर होती ती.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हा घाट पायी चढू नका. सायकलनं तर अजिबात नको. एसटीची वेळ आधी विचारून या, नाहीतर स्टेशनवरून सरळ गाडी ठरवा आणि जे काही पैसे लागतील ते द्या. पावसाळ्यानंतर, कारखाने सुरू व्हायच्या आधी गेलात तर मात्र हाच रस्ता सागरेश्वर अभयारण्याच्या कडेनं जातो आणि चालायला उत्तम असणार. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे अभयारण्य वृक्षमित्र धों. म. मोहित्यांच्या चिकाटीचं फळ आहे.

आणि तो ऊस म्हणजे निव्वळ अडथळा नाही, हेही त्या घाटातच उमगलं. सहकारी साखर कारखान्यांना सरकारी भांडवलाचा आणि धोरणाचा आधार देण्याचं राजकारण ज्या लोकांनी केलं त्यांत चव्हाण पहिल्या रांगेत होते. त्यांच्या जन्मगावाची वाट त्यांच्याच धोरणाच्या पिकानं भरून वाहते आहे. फायलीत ‘कृषि-औद्योगिक समाजरचना’ वाचताना मला आता तो घाट आठवतो आणि शब्दांना वजन येतं. तेवढ्यापुरतं सगळं वसूल.

देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ. १२ मार्च १९१३ ला जन्म तिथला. ज्या घरात ते जन्मले ते गल्लीतलं साधं, लहान घर आहे. ते राज्य संरक्षित स्मारक आहे. अर्ध्या तासात बघून होतं. सोनहिऱ्याच्या ओढ्याकडे आणि समुद्रेश्वराच्या देवळांकडे जरूर जा. बाळंतपणात आईची प्रकृती बिघडली तेव्हा आजीनं तिथल्या देवाला, सागरोबाला, साकडं घातलं आणि यश मिळालं म्हणून नातवाचं नाव यशवंत ठेवलं, ही ‘कृष्णाकाठ’मधली हकीकत गावात उभं राहून वाचली की नीट कळते. कागदाच्या नावानं मात्र इथं काही शोधू नका. गावात म्हाताऱ्या माणसांशी बोला. त्यांना वेळ असतो.

परत कराडला. रेल्वेनं येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: कराड स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीला आहे, शहरापासून काही किलोमीटर दूर. रात्री उतरलात तर रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. माझ्याकडून एकानं दुसऱ्या दिवशीच्या दराच्या तिप्पट घेतले. बाहेर पडायच्या आधी फलाटावरच सोबती शोधा, किंवा पुणे-बंगळूर महामार्गानं एसटीनं या. ती थेट शहरात आणते.

कराडात ‘विरंगुळा’ हे त्यांचं घर बघा, त्यांच्या पत्नी वेणूताई चव्हाण यांच्या स्मारकातला ग्रंथसंग्रह बघा. माझा सल्ला आहे की घरापेक्षा ग्रंथसंग्रहाला जास्त वेळ द्या. वाचणारा राजकारणी म्हणजे काय ते पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचत गेलं की समजतं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, त्यांच्या समाधीपाशी, संध्याकाळी सगळेच जातात, तुम्हीही जाल.

आता मुंबई. इथंच तुमचा मुक्काम वाढवा. मुख्यमंत्री म्हणून त्यांच्या टेबलावरून गेलेली फाईल हा सरकारी अभिलेख आहे, त्यांची खासगी मालमत्ता नव्हे. ती विभागाकडे राहते आणि पुढे पुराभिलेखाकडे येते. काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे. तिथं “चव्हाणांचे कागद द्या” असं म्हणून चालत नाही. व्यक्तीच्या नावानं फायली लागलेल्याच नसतात. त्या विभाग, वर्ष आणि विषय यांनी लागतात. म्हणून घरूनच तयारी करून जा. कोणता निर्णय, कोणत्या वर्षी, कोणत्या विभागाचा, हे चिठ्ठीवर लिहून न्या. आजचं खातं आणि तेव्हाचं खातं एकच असेल असं धरून चालू नका. आजचं सामान्य प्रशासन त्या काळात ‘राजकीय व सेवा विभाग’ म्हणून ओळखलं जाई. हे ठाऊक नसेल तर दिवसभर चुकीची सूची चाळत बसाल.

सोपं उदाहरण जिल्हा परिषदांचं. वसंतराव नाईक समिती १९६० मध्ये नेमली गेली, १९६१ मध्ये अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नेमणूक, अहवाल, विधेयक, सभागृहातली चर्चा, अंमल असे पाच थांबे आहेत. पाचही थांब्यांवर छापील काहीतरी सापडतं. असाच माग १९५८ च्या कनिष्ठ गाववतनं रद्द करणाऱ्या कायद्याचा काढता येतो, ज्यानं महार वतन, म्हणजे गावकीच्या कामाला बांधून ठेवणारी वंशपरंपरागत जमीन आणि हक्क, गेलं. हा निर्णय चव्हाणांच्या कारकिर्दीतला सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या लेखी सर्वांत मोठ्या निर्णयांपैकी एक आहे.

फाईल हातात आली की शेवटच्या सहीवर उडी मारू नका. टिप्पणी खालून वर चढते: कारकून, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मग मंत्री. कोणत्या पायरीवर भाषा बदलली ते बघा. निर्णय तिथं झालेला असतो. फायलीइतकीच विधिमंडळाची छापील कार्यवाही महत्त्वाची. १९५७ च्या निवडणुकीनंतर समोरच्या बाकांवर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, उद्धवराव पाटील बसले होते. फलटणच्या भाषणात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपेक्षा नेहरूंना पसंती देऊन बसलेला, कराडमधून स्वतः निसटत्या मतांनी निवडून आलेला मुख्यमंत्री या माणसांना रोज उत्तरं देत होता. त्याच माणसाच्या हाती १ मे १९६० ला नव्या महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आला. मधल्या तीन वर्षांत त्यानं काय केलं याचं उत्तर स्मारकात नाही, प्रश्नोत्तरांच्या तासात आहे. मी ती पानं वाचून बाहेर पडलो तेव्हा घाटाचा सगळा शीण उतरला होता.

नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान आहे. त्यांची भाषणं, पत्रं, छायाचित्रं यांसाठी तिथं आधी पत्र पाठवून जा. १९६५ च्या युद्धकाळातली त्यांची रोजनिशी त्यांचे सचिव राहिलेल्या राम प्रधानांनी संपादित करून छापली आहे, त्यामुळे त्या काळासाठी लगेच दिल्ली गाठायची गरज नाही.

सोबत काय न्यायचं: ओळखपत्र, महाविद्यालयाचं किंवा प्रकाशकाचं शिफारसपत्र दोन प्रतींत, शिसपेन्सिल, धुळीसाठी मास्क. पहिल्या दिवशी फाईल मिळेलच असं धरू नका. मागणीपत्र सकाळीच द्या आणि वाट बघताना छापील कार्यवाही वाचत बसा. फोटो काढायची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. पाळी बदलली की तोंडी परवानगी कुणाला आठवत नाही. आणि मागवलेल्या प्रत्येक फाईलचा क्रमांक, ती नाही मिळाली तरी, वहीत उतरवा. पुढच्या खेपेला तोच क्रमांक दाखवून पुन्हा मागता येते.