पांढरा पदर

ऊसतोड टोळीचा मुकादम बरोबर आला की नर्स म्हणून माझं काम हलकं व्हायचं, हे आधीच कबूल करते. नाव, वय, मुलं किती, दुखतं कुठं, सगळं तोच सांगायचा आणि मी केसपेपरवर लिहायची. बाई त्याच्या मागे गप्प उभी. खरं तर मला दुभाषा कशाला हवा? मी निपाणीची, घरी मराठी, नोकरीत कन्नड. पण ऊसतोडीच्या हंगामात आमच्या आरोग्य केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि मुकादम पटापट बोलतो.

तो जानेवारी होता. कर्नाटकातल्या अथणी तालुक्यातले कृष्णाकाठचे उसाचे फड ऐन तोडणीत, बीडकडच्या टोळ्या गावाबाहेर खोपी टाकून बसलेल्या. दुपारी एक बाई आली. वय 29, साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे. नवरा दाराशीच थांबला. मुकादम थेट टेबलापाशी.

"म्याडम, हिची गर्भाची पिशवी काढायचीय. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्या."

आमच्या डॉक्टर तेव्हा नवीन होत्या, दावणगेरेकडच्या, मराठीचा गंध नाही. त्यांनी बाईकडे बघून विचारलं, "बिळी सेरगु होगतदेनु?"

कन्नडमध्ये अंगावरून पांढरं जाण्याला 'बिळी सेरगु' म्हणतात. पण शब्दशः बघाल तर बिळी म्हणजे पांढरा आणि सेरगु म्हणजे साडीचा पदर. मुकादमाचं कन्नड हंगामी, दर वर्षी चार महिन्यांचं. त्यानं वळून विचारलं, "पांढरा पदर हाय का, विचारत्यात."

बाईनं आपला पदर चाचपला. "न्हाई, हिरवाय की."

"इल्ल अंत," मुकादम म्हणाला. नाही म्हणते. डॉक्टरांनी तसं लिहून टाकलं.

मला आधी हसू आलं. मग पोटात गोळा आला, कारण असे किती कागद माझ्या हातून गेले असतील! मी डॉक्टरांना कन्नडमध्ये घोळ सांगितला आणि मुकादमाला म्हटलं, "काका, तुम्ही चहा घेऊन या." तो हलेना. "मी न्हाई तर बोलंल कोण?" "मी बोलते," म्हटलं. नवऱ्यालाही बाहेर बाकावर बसवलं, दार लोटलं, पडदा ओढला.

पाच मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग मी पाळीबद्दल न विचारता फडाबद्दल विचारलं. पहाटे किती वाजता उठता, पाणी कुठलं, कपडा कुठं धुता. तिथून ती बोलायला लागली. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येतो. आडोसा म्हणजे ऊसच, आणि तो तर आपणच तोडत चाललोय. पाळीत मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचं. बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीतून वळते. अंगावरून पांढरं जातंय दिवाळीपासून, वास येतो, ओटीपोट ठणकतं. गावाकडच्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, पिशवी सडलीय, ठेवलीस तर कॅन्सर होईल.

2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण पेपरात गाजलं, महाराष्ट्र सरकारनं चौकशी समिती नेमली. आम्ही इकडे कर्नाटकात बसून हळहळलो. त्याच बायका दर हंगामात आमच्याच दारात येतात, हे मात्र डोक्यात शिरलं नाही.

डॉक्टरांनी, मी आधी तिला सांगून, विचारून, तपासलं. पिशवी सडलेली वगैरे काही नव्हती. जंतुसंसर्ग होता, औषधानं बरा होणारा. लघवीची गर्भ तपासणी आधी केली, कारण या दुखण्यावर देतात त्या गोळ्यांच्या पिवळ्या किटमधली डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला देत नाहीत. दिवस गेलेले नव्हते. औषध नवऱ्यालाही लागतं, नाहीतर दुखणं फिरून येतं. ते त्याला सांगायला तिची हरकत नव्हती. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि गोळ्या खिशात टाकल्या.

खरी गोष्ट तिनं नवऱ्याशी बोलायच्या आधीच, दाराकडे बघत विचारली होती. "बाई, तीन लेकरं झाली. आता नको. पण मालकाला कळाया नको."

अंगात संसर्ग असताना तांबी बसवता येत नाही. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन चालतं, दर तीन महिन्यांनी एक. पाळी येऊन पाचच दिवस झाले होते, रक्तदाब बरोबर होता. नवऱ्याची सही लागत नाही, तिची संमती पुरे. पण इंजेक्शननं पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते, हे मी तीन वेळा सांगितलं. नाहीतर ती पुन्हा म्हणणार, पिशवीच खराब झाली.

कार्ड कन्नडमध्ये. ते तिच्या गावी, बीडकडच्या पाटोद्यात कोण वाचणार? मी मागं मराठीत लिहिलं. तारीख तिच्या लक्षात राहीना, म्हणून सांगितलं, भीमजयंतीच्या आसपास, गावच्या दवाखान्यात. थोडं पुढं गेलं तरी चार आठवड्यांपर्यंत चालतं. तिनं कार्ड पैशाच्या पिशवीत, अगदी खाली सारलं.

पुढे एका प्रशिक्षणात इरिहापेटी रॅम्सडेन या न्यूझीलंडच्या माओरी नर्सबद्दल ऐकलं. दवाखान्यात आपण सुरक्षित आहोत की नाही, हे ठरवायचा हक्क नर्सचा नाही, रुग्णाचा, असं तिचं म्हणणं. मला तो हिरवा पदर आठवला. भाषा तर मला आधीपासून येत होती.

तिनं एप्रिलात इंजेक्शन घेतलं की नाही, ठाऊक नाही. पट्टा पडला, हंगाम संपला आणि टोळी गेली.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात माझ्याकडून सहा-सात मराठी वाक्यं कन्नड लिपीत लिहून घेतली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली. पांढरं जातं का. दिवस गेलेत का. कुणाला बाहेर पाठवू का. शेवटचं त्या पहिल्यांदा विचारतात. उच्चार असा काही करतात की बाया तोंडाला पदर लावून हसतात, आणि हसता हसता मुकादमाकडे बोट दाखवतात.